एपिड्युरलनंतर बाळ झोपाळलेलं असेल तर

थोरलीच्या वेळी एपिड्युरल, म्हणजे बाळंतकळा कमी करायला पाठीत सुईनं देतात ते औषध, घेतलं होतं. जन्मल्यावर ती रडली, छातीवर ठेवली आणि डोळे मिटून पडून राहिली. दहाव्या मिनिटाला मी तिचं डोकं धरून तोंड स्तनाला लावायला लागले. ती मान मागे टाकायची, मी पुन्हा दाबायची. शेवटी दोघी रडलो. धाकट्याच्या वेळीही एपिड्युरलच घेतलं, फक्त घाई केली नाही.

आधी औषधाबद्दल. त्यात सहसा बधिर करणारं औषध असतं आणि जोडीला थोडं फेंटॅनिल. फेंटॅनिल अफूच्या जातकुळीतलं. त्यातलं थोडं वारेतून बाळापर्यंत पोचतं. एकूण मात्रा जास्त झाली तर बाळ पहिल्या तासात चोखायला वेळ लावतं, असं काही अभ्यासांत दिसलं. काहींत फरकच दिसला नाही. शिवाय लांबलेल्या कळा आणि व्हॅक्यूमनेही (डोक्याला वाटी लावून बाळ ओढून काढतात त्यानं) बाळ दमतं, त्यामुळे सगळं खापर सुईवर फोडता येत नाही. कळा कमी करायला कधी एपिड्युरलऐवजी पेथिडीनचं इंजेक्शन देतात, त्याची गुंगी बाळाला जास्त येते.

बाळ उघडं करून छातीवर घ्या, वरून पांघरूण, आणि थांबा. औषध न घेतलेल्या आईचं बाळही लगेच पीत नाही. आधी रडतं, मग निपचित पडतं, डोळे उघडतं, हात तोंडाशी नेतं, सरकतं, चाटतं आणि मग कुठे चोखतं. या सगळ्याला तासभर सहज लागतो. माझ्या धाकट्यानं एक तास वीस मिनिटं घेतली; समोर घड्याळच होतं. या वेळात तुम्हालाही डुलकी लागेल, म्हणून जागं माणूस शेजारी हवंच. बाळाचं नाक मोकळं आहे, मान दुमडलेली नाही, रंग ठीक आहे, एवढं त्यानं बघत राहायचं. मी हे काम नवऱ्याला दिलं आणि फोन काढून घेतला.

तरी पीत नसेल तर हातानं चीक काढून चमच्यानं पाजा. थेंबथेंबच निघतो, पहिल्या दिवशी तेवढा पुरतो. नंतर दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. तीन तास झाले आणि बाळ झोपलेलंच असेल तर दुपटं सोडा, लंगोट बदला, तळवे चोळा. डोक्यामागे मात्र दाबू नका. खांद्यांना आधार द्या. जिभल्या चाटणं, मूठ तोंडात घालणं ही भुकेची खूण. रडू येईपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

वजनाचंही एक आहे. कळांमध्ये सलाईन भरपूर चढलं असेल तर बाळाच्या अंगातही जादा पाणी असतं. पहिल्या दिवसात ते शूवाटे जातं आणि वजन जास्त घटल्यासारखं दिसतं. थोरलीच्या वेळी याच आकड्यानं आमची झोप उडवली. दुसऱ्या वेळी मी चोवीस तासांनीही वजन करायला सांगितलं आणि पुढची घट डॉक्टरांना दोन्ही आकडे धरून बघायला लावली.

एपिड्युरलमध्ये आईला कधी ताप येतो. तुम्हाला आला असेल तर बाळाच्या डॉक्टरांना सांगा, ते संसर्ग तपासतील. बाळ हलवूनही उठत नसेल, अंग लुळं किंवा गार लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा श्वास मिनिटाला साठच्या वर जात असेल, तर मालिश-बिलिश करत बसू नका, नर्सला हाक मारा.