सिम्युलेटरमध्ये सेसना उडवताय? टर्ब्युलन्सच्या या चुका टाळा

जून २०२५ पासून होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं आणि आमच्या सोलापुरात घरोघरी वैमानिक झाले. त्याआधी जून २०२३ मध्ये विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पडली तेव्हा घरोघरी विमानतळतज्ज्ञ होतेच. जुळे सोलापुरातल्या माझ्या एका खोलीत योक (विमानाचं हँडल), पेडल आणि तीन स्क्रीन असा विमानाच्या सिम्युलेटरचा संसार मांडलेला आहे. पोरं बघायला येतात, स्वतःचे लॅपटॉपही घेऊन येतात, आणि बहुतेकांची तक्रार एकच: "काका, टर्ब्युलन्स खरं वाटत नाही." टर्ब्युलन्स म्हणजे हवेतल्या झोतांचे धक्के. मग मी त्यांच्या सेटिंग उघडतो आणि कपाळाला हात लावतो.

मशीन धडपडतंय आणि तुम्ही वाऱ्याला नाव देताय

मागच्या मे महिन्यात एक इंजिनिअरिंगचा मुलगा आला, एकदम खुशीत. "काय थर्मल दिलेत की ओ काका! सकाळी सेसना (हे लहान विमान) लोण्यासारखी चालते, दुपारी दोन वाजले की धडधडायला लागते."

ऐकायला अगदी बरोबर. आपली नांगरलेली काळी रानं दुपारी तापतात, त्यावरची हवा तापून वर उठते, हाच थर्मल, शेजारची थंड हवा खाली येते आणि या चढउतारात लहान विमान हिसके खातं. मीही दोन मिनिटं भुललो. मग सहज विचारलं, सिम्युलेटरमधलं घड्याळ कितीला लावतोस? म्हणाला, "सकाळी सातला. सूर्योदय छान दिसतो."

सकाळी सातला कुठले आले थर्मल?

त्याच्या घरी गेलो. बाहेर बेचाळीस डिग्री. लॅपटॉप पलंगावर, खाली सोलापुरी चादरीची चौघडी, हवा जायची भोकं तिच्यात पूर्ण बुडालेली. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो. प्रोसेसर तापत होता, स्वतःला वाचवायला वेग कमी करत होता, फ्रेम पडत होत्या आणि चित्र हिसके देत होतं. लॅपटॉप पाटावर ठेवला, मागच्या कडेला दोन जाड पुस्तकं सारली, पंखा लावला. वीस मिनिटांत थर्मल संपले. पोरगा माझ्यावरच नाराज झाला.

हे ओळखायची माझी रीत साधी आहे. चित्र उडालं तेव्हा काटे हलले का ते बघा. खरा झोत आला की एअरस्पीडचा काटा चार-पाच नॉट (विमानाच्या वेगाचं माप) झटकतो, चढउताराचा वेग दाखवणारा व्हेरिओमीटर वर-खाली जातो, एक पंख पडतो, विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारा बॉल सरकतो. चित्र उडालं आणि काटे जागच्या जागी असले तर वारा निर्दोष आहे. खात्री हवी असेल तर आकाश निरभ्र आणि वारा शून्य करून उडवा. तरीही हिसके येत असतील तर हवामानाशी भांडू नका. मी फ्रेम सेकंदाला तीसवर बांधून ठेवतो. साठच्या हव्यासापायी कधी साठ, कधी बावीस असं उडवणाऱ्यांना मी तीनदा समजावतो, चौथ्यांदा चहा देऊन घरी पाठवतो.

जुन्या जॉयस्टिकचंही तेच. दांडा किती हलला ते मोजणारा आतला पोटेन्शिओमीटर मळला की हात न लावताही विमान डुलतं. कंट्रोलच्या सेटिंगमध्ये अक्ष नुसता बघत बसा, थरथरताना दिसेल.

स्लायडर पार उजवीकडे

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक. टर्ब्युलन्स "खरं वाटत नाही" म्हणून पोरं त्याचा जोर ठरवणारा स्लायडर शेवटपर्यंत ओढतात, चित्र हलवणारा कॅमेरा शेक चालू करतात आणि विमान थरथरायला लागलं की समाधानाने मान हलवतात. मी शहराच्या पूर्व भागात वाढलो. शेजारी यंत्रमागाचे साचे रात्रंदिवस चालायचे आणि मांडणीवरची भांडी एकाच तालात वाजायची. या पोरांची सेसना तशी वाजते. हवा असा ताल धरत नाही.

झोतांचं गणित जुनं आहे. ह्यू ड्रायडन आणि थिओडोर फॉन कारमान यांच्या नावाची मॉडेलं अभियंते आजही वापरतात, अमेरिकी लष्करी मानकांतही ती आहेत. मोठे झोत सावकाश येतात आणि जोर त्यांच्यात जास्त असतो, बारीक झोत भराभर येतात आणि हलके असतात, आणि हे सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं. जमिनीजवळच्या हिशेबात तर उभ्या झोताचा आकार जमिनीपासूनच्या उंचीइतका धरतात. म्हणून उतरताना शेवटच्या पाचशे फुटांत धक्के लहान आणि घाईचे होतात. एक्स-प्लेन हा सिम्युलेटर पंखाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावरचं बल वेगळं काढतो, त्यामुळे एकाच बाजूला झोत लागला की पंख पडतो. हे बघायचं तर स्लायडर मध्यावर पुरतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये लो, मीडियम, रिअलिस्टिक असे पर्याय आहेत, तिथे रिअलिस्टिक ठेवा आणि कॅमेरा शेक बंद करा. डोकं हलवायचं काम कॅमेऱ्याचं नाही.

हा शहाणपणा मला फुकट मिळालेला नाही. काही वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका दुपारी बारामतीहून सेसना १७२ मध्ये इन्स्ट्रक्टरशेजारी बसायची संधी मिळाली. घरच्या खुर्चीत तीनशे तास झाले होते, सगळे "सिव्हिअर"मध्ये, हातात चहाचा कप धरून. निघताना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दाबून खाल्ली.

साडेतीन हजार फुटांवर, उजनीच्या अलीकडच्या नांगरटीवर पहिला झोत लागला. अल्टिमीटर बघता बघता दोनशे फूट वर. मी योक पुढे ढकलला. तोवर झोत संपला आणि आम्ही खाली. मी ओढला. पुन्हा वर. व्हेरिओमीटरचा काटा काही सेकंद मागून धावत होता आणि मी त्याच्या मागून. सर शांतपणे म्हणाले, "हात काढा." काढले. ट्रिम केलेली, म्हणजे हात सोडले तरी सरळ चालेल अशी बसवलेली सेसना थोडी वर गेली, थोडी खाली आली आणि नाक क्षितिजावर ठेवून चालत राहिली. निम्मे हेलकावे माझ्या हातांनी तयार केलेले होते. उजनीच्या पाण्यावर आलो आणि हवा एकदम गप्प. पलीकडचा काठ ओलांडला आणि पुन्हा ठोका. तोवर चटणीने बंड पुकारलं होतं. पिशवी सरांनी आधीच माझ्या मांडीवर ठेवली होती. परत आल्यावर लॉगबुकात त्यांनी हवेबद्दल फक्त "लाइट, ऑकेजनली मॉडरेट" लिहिलं.

घरच्या सिम्युलेटरमध्ये नेमकं काय नव्हतं ते त्या दिवशी कळलं. पट्टा खांद्यात रुततो, हेडसेट खिडकीवर आपटतो, पोट काट्यांच्या आधी बातमी देतं. योकला तारांनी जोडलेली एलेरॉन (पंखामागच्या हलत्या पट्ट्या) वारा ओढतो, तेव्हा ती ओढ तुमच्या तळहातात येते. जॉयस्टिकमध्ये फक्त तिची स्वतःची स्प्रिंग असते. विमान कंपन्यांचे सहा पायांवर हलणारे महागडे सिम्युलेटरही इथे पुरे पडत नाहीत. धक्क्याची सुरुवात ते छान देतात, पण पायांची लांबी संपते, म्हणून तुम्हाला कळणार नाही अशा बेताने पुन्हा मध्यावर येतात. वर ढकलत राहणारा लांबलचक झोत त्यांना धरून ठेवता येत नाही. मग पलंगावरच्या लॅपटॉपकडून काय मागता? त्याच्याकडून डोळ्यांचं काम शिका. नाक क्षितिजावर, पॉवर ठरलेली, पंख सरळ, उंची शंभर-दीडशे फूट इकडेतिकडे गेली तर जाऊ द्यायची.

एका मित्राने एमआयडीसीतल्या त्याच्या वर्कशॉपमध्ये वायपरच्या मोटारी लावून हलणारी खुर्ची केली होती. बसलो. पुन्हा यंत्रमाग.

"लाइव्ह वेदर लावलंय, म्हणजे आत्ता तिथे आहे तेच"

वाऱ्याची दिशा आणि ढग साधारण तेच, मान्य. पण हवामानाच्या मॉडेलचे चौकोन काही किलोमीटरचे असतात आणि थर्मल असतो काही शे मीटरचा. तो डाउनलोड होऊन येत नाही. सिम्युलेटर तो अंदाजाने तिथे पेरतो. तेव्हा कुंभारीवर मिळालेला झोत खरा होता का, हे विचारायला मला रात्री अकराला फोन करू नका.

हलकं विमान म्हणजे जास्त वेग चालतो, हा समज

इथे जवळपास सगळे चुकतात. सेसना १७२ एसचा मॅन्यूव्हरिंग स्पीड, म्हणजे धक्क्यांत ओलांडू नये असा वेग, पूर्ण वजनाला, म्हणजे ११५७ किलोला, १०५ नॉट आहे. एकटे बसलात, इंधन कमी, वजन ८६२ किलो, तर तो ९० नॉटवर येतो. तोच झोत हलक्या विमानाला जास्त जोराने उचलतो, म्हणून. आणि एअरस्पीडच्या तबकडीवरचा १२९ नॉटनंतरचा पिवळा पट्टा फक्त शांत हवेसाठी आहे. पोरं १२५ वर धक्के खात जातात, कारण स्ट्रेस डॅमेज (ताणाने विमान मोडायची सेटिंग) बंद केलेलं असतं आणि पंख काही मोडत नाही. धक्के सुरू झाले की मी आधी पॉवर कमी करतो, मग बाकीचं.

बारीकसारीक, पण रोजचं

एअरबसचे व्हिडिओ बघून सेसना जोखू नका. १७२ च्या पंखाच्या एका चौरस मीटरवर साधारण ७० किलो असतात, एअरबस ए-३२० च्या सहाशेच्या वर, आणि हा आकडा जितका मोठा तितके धक्के कमी. वेगाचाही हिशेब आहेच, पण तेवढ्याने ही दरी भरत नाही.

ऑटोपायलटचा उंची धरून ठेवणारा ऑल्टिट्यूड होल्ड धक्क्यांत बंद. खाली जाणाऱ्या हवेत तो नाक वर करत राहतो आणि वेग खाऊन टाकतो.

शेपटीचा रडर आपोआप फिरवणारा ऑटो-रडर बंद करा. पेडल नसतील तर जॉयस्टिक पिळा, पण शेपटीचं डोलणं लपवू नका.

मे महिन्याच्या दुपारी विमान चढत नाही म्हणून "डाउनड्राफ्ट" (खाली जाणारी हवा) ओरडू नका. हवा तापून विरळ होते, म्हणून दीड हजार फुटांवरची आपली धावपट्टी ४२ डिग्रीला विमानाच्या लेखी पाच हजार फुटांवर असते.

उतरताना वारा १२ नॉट आणि गस्ट (मधले झटके) २२ असेल तर फरकाच्या निम्मे, म्हणजे ५ नॉट वेगात मिळवा आणि फ्लॅप (उतरताना पंखामागून खाली सोडायच्या पट्ट्या) एक खाच कमी ठेवा. "पण काका, मग धावपट्टीवर लांब तरंगतं." तरंगू दे. सेसनाला आपली धावपट्टी दोनदा पुरते.