स्लॅब टाकायच्या आधी सिमेंटच्या कार्बनचा हिशोब कसा काढायचा

घर बांधणारे लोक सोलर बसवू, एलईडी लावू असं म्हणतात, चांगलंच आहे ते, पण खरा कार्बन (म्हणजे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड, सीओटू) तर स्लॅब पडतो त्या दिवशीच खर्ची पडलेला असतो आणि तो नंतर काही केल्या परत येत नाही. म्हणून हिशोब आधी करायचा. अवघड नाहीये, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो.

समजा १००० स्क्वेअर फुटाचा ५ इंची स्लॅब आहे. कॉंक्रीट साधारण ११.८ घनमीटर. एम-२० ला (घराच्या स्लॅबला वापरतात तो कॉंक्रीटचा नेहमीचा ग्रेड) घनमीटरमागे ८ बॅगा धरल्या तर ९४ बॅगा. आता साध्या ओपीसीच्या (काही न मिसळलेलं नेहमीचं सिमेंट) ५० किलोच्या एका बॅगेमागे ढोबळमानाने ४२ किलो सीओटू धरा, म्हणजे नुसत्या सिमेंटचेच जवळपास ४ टन झाले! सळई अंदाजे टनभर लागते, ती कोळशाच्या मोठ्या भट्टीतली असेल तर अजून दोन-अडीच टन.

सिमेंटचं एवढं का होतं तर चुनखडी साधारण १४५० डिग्रीला भाजतात, त्यात कोळसा जळतो तो वेगळाच, पण दगडातच अडकलेला सीओटू बाहेर पडतो तो निम्म्याहून जास्त असतो. म्हणजे भट्टी उद्या सोलरवर चालवली तरी तो भाग राहणारच. जगातल्या एकूण सीओटूपैकी ७-८ टक्के सिमेंटचा आहे तो यामुळेच.

मग कमी कुठे करायचं? पहिलं, पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट घ्या. त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश असते, आपल्याकडे कोराडी, चंद्रपूर, परळीसारख्या थर्मल प्लांटमधून निघते तीच राख. ३० टक्केवाली धरली तर बॅगेमागे सीओटू ३० किलोच्या आसपास येतं, ९४ बॅगांना टनभर वाचला आणि पैसेही बहुतेक वेळा कमीच लागतात. (राख कोळशाचीच आहे हे मान्य, पण ती पडून राहण्यापेक्षा स्लॅबमध्ये गेलेली बरी.) स्लॅगवालं (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) पीएससी सिमेंट मिळालं तर अजून चांगलं, त्यात स्लॅग ७० टक्क्यांपर्यंत चालतं.

दुसरं, जाडी. आमच्या ठेकेदाराने "सेफ्टीसाठी" म्हणून ६ इंच सुचवलं होतं, आरसीसीवाल्या इंजिनिअरने (सळई-कॉंक्रीटचा हिशोब करतो तो) डिझाइन बघून ५ च पुरे सांगितलं. एका इंचाला १९ बॅगा लागतात म्हणजे सुमारे ८०० किलो सीओटू, नुसत्या अंदाजापायी. पण उलटंही करू नका हां, इंजिनिअरला न विचारता जाडी किंवा सळई कमी करणं म्हणजे जिवाशी खेळ.

तिसरं पाणी. माल पटकन सरकावा म्हणून मिक्सरमध्ये पाइप सोडून देतात, स्ट्रेंथ जाते आणि मग ती भरून काढायला बॅगा वाढवतात. बॅगेला २५-२७ लिटर, बादली मोजून, वाळू ओली असेल तर त्याहून कमी, आणि त्या दिवशी स्वतः उभे राहा.

पीपीसीचं एकच नाटक आहे, ते सुरुवातीला हळू धरतं. म्हणून कोणी "ढिलं सिमेंट" म्हणालं तर ऐकू नका, स्लॅबवर वाफे करून १४ दिवस पाणी भरून ठेवा आणि सेंट्रिंगवाला कितीही मागे लागला तरी इंजिनिअर हो म्हणेपर्यंत एकही टेकू काढू देऊ नका.