कस्टम स्ट्रट बसवताय? पुढच्या सस्पेन्शनच्या या चुका टाळा

अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) कागदावर सगळे आकडे हिरवे, तरी खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग हातातून ओढलं जातं आणि वळणावर गाडी आधीपेक्षा जास्त झुकते. कस्टम स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला चाकावरचा खांब) किंवा कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा तसाच संच) टाकल्यावर ही तक्रार हमखास येते. कारणही बहुतेक वेळा तेच असतं: गाडी किती खाली आणायची ते टायर आणि फेंडरमधल्या फटीकडे बघून ठरवलं, लोअर आर्मकडे, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याकडे, कुणी वाकून पाहिलंच नाही.

स्विफ्टसारख्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. या रचनेत वरचा आर्म नसतोच; त्याचं काम स्ट्रट करतो. त्यामुळे स्ट्रट बदलला की नुसता शॉकअप बदलत नाही, चाक धरून ठेवणारा एक दुवाच बदलतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक आर्मच्या कोनाची. गाडी सपाट फरशीवर चाकांवर उभी करा. आर्मच्या आतल्या बोल्टचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि बॉल जॉइंटचा (आर्मच्या बाहेरच्या टोकाच्या गोल सांध्याचा) मध्य किती, हे दोन्ही बाजूंना मोजा. हे माप जुने स्ट्रट काढण्याआधीच लिहून ठेवायला हवं. नंतर तुलनेला काही उरत नाही. गाडी खाली आली की आर्मचं बाहेरचं टोक आतल्याच्या तुलनेत वर सरकतं. तसं झालं की रोल सेंटर, म्हणजे वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, बॉडीपेक्षा जास्त वेगाने खाली जातं, म्हणजे बॉडीला झुकवणारी तरफ लांबते. स्प्रिंग कडक घालूनही गाडी अपेक्षेपेक्षा जास्त झुकते ती यामुळे. शिवाय चाक दबताना मिळणारा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाच्या वरच्या भागाचा आतल्या बाजूचा कल) कमी कमी होत जातो, आणि आर्म फारच वर गेला तर उलट दिशेने जायला लागतो. माझं मत स्पष्ट आहे: रस्त्यावर रोज चालवायच्या गाडीत बॉल जॉइंट आतल्या बोल्टच्या वर जाऊ देऊ नका. जायलाच हवा असेल तर लांब दांड्याचा बॉल जॉइंट लागतो, आणि तो रिमला आतून घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून बघावं लागतं.

इथेच दुसरी चूक जन्म घेते. बॉल जॉइंट खाली घेतला पण टाय रॉड एंड (स्टिअरिंगची दांडी चाकाशी जोडणारं टोक) होता तिथेच ठेवला, तर आर्म आणि टाय रॉड वेगवेगळ्या कमानींत फिरतात. चाक वरखाली झालं की टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन, आपोआप बदलतो. यालाच बम्प स्टिअर म्हणतात. तपासायला यंत्र लागत नाही. गाडी स्टँडवर घट्ट ठेवा, स्प्रिंग काढून स्ट्रट परत लावा, स्टिअरिंग सरळ धरून बांधा आणि हबखाली (चाक ज्यावर बसतं त्या भागाखाली) जॅक लावून तो थोडा थोडा वर न्या. दर टप्प्याला हबवर बांधलेल्या सरळ पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचं एका ताणलेल्या दोरीपासूनचं अंतर मोजा. 15 इंची रिमच्या व्यासावर, म्हणजे 381 मिमीत, 1 मिमी फरक पडला तर तो सुमारे 0.15 अंश टो होतो. गाडीच्या नेहमीच्या उंचीच्या आसपास हा आकडा जितका स्थिर, तितकं स्टिअरिंग शांत.

कॅम्बरचंही तसंच. स्विफ्टमध्ये कंपनीकडून फक्त टो जुळवायची सोय असते, म्हणून लोक कॅम्बर बोल्ट किंवा स्ट्रटचं वरचं टोक सरकवणारी कॅम्बर प्लेट लावतात. दोन्हींनी कॅम्बर बदलतो, पण परिणाम सारखा नाही. नकलच्या (हब धरणाऱ्या, स्ट्रटला जोडलेल्या भागाच्या) बोल्टवर बदललात तर स्टिअरिंगचा अक्ष, म्हणजे वरचं माउंटिंग ते बॉल जॉइंट ही रेषा, जागेवर राहते. प्लेट सरकवली की तो अक्षच तिरका होतो. ही रेषा 600 मिमीची धरली तर 10 मिमी सरकवण्याने जवळपास 1 अंश. डावीकडे प्लेट आणि उजवीकडे बोल्ट वापरून आकडे बरोबरीत आणले, तर कागद छान दिसतो आणि गाडी मात्र एका बाजूला ओढू शकते. अलाइनमेंटवाल्याकडून कॅम्बरसोबत कास्टर (याच अक्षाचा पुढे-मागे कल) आणि किंगपिनचा कोनही (त्याचा आतल्या बाजूचा कल) छापून घ्या. कॅम्बर सारखा पण किंगपिनचा कोन वेगळा असेल, तर आधी प्लेट आणि सबफ्रेमची (आर्म ज्या चौकटीला बसतात तिची) जागा तपासा.

वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल, तर वरचं बेअरिंग उलटं बसलंय किंवा स्प्रिंग त्याच्यावर अडकतेय का ते बघा. चाक पूर्ण लोंबकळताना स्प्रिंग सैल पडत असेल तर हेल्पर स्प्रिंग हवी. खालच्या ब्रॅकेटमधून लांबी बदलणारा स्ट्रट असेल तर उंची तिथूनच ठरवा. स्प्रिंगची बैठक फिरवत बसू नका. आणि ब्रॅकेटमध्ये स्ट्रटच्या कंपनीने सांगितलेले किमान आटे गुंतलेच पाहिजेत.

लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी लिफ्टवर लटकत असताना आवळू नका. तसे आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि उंचीचं मापही चुकवतं. बोल्ट हलके लावा, गाडी चाकांवर घ्या, पुढे-मागे ढकलून बसू द्या, मग टॉर्क रेंचने आवळा. त्यानंतर क्रम असा: उंची, कास्टर, कॅम्बर आणि सगळ्यात शेवटी टो, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या दांड्याला जोडणारी स्टॅबिलायझर लिंकही याच वेळी जोडा. ती ताणून लावावी लागत असेल तर तिची लांबी नव्या उंचीला चालत नाही.