शिंका, पावसाळा आणि योग्य डॉक्टर

डिचोलीत पाऊस सुरू झाला की माझ्या शिंका सुरू. सकाळी उठल्यावर वीस-पंचवीस, नाक बंद, रात्री छातीत शिट्टी. तीन वर्षं सेटिरिझिनवर, म्हणजे ॲलर्जीच्या गोळीवर, काढली. मग एका लॅबचं महागडं 'पॅकेज' केलं, रक्तातून शंभरेक पदार्थांची यादी. त्यात वांगं, गहू, कोळंबी! कोळंबी सोडली (गोव्यात राहून!), शिंका तशाच.

अडचण अशी की आपल्याकडे फक्त ॲलर्जी बघणारे डॉक्टर फार थोडे. हे काम बहुतेक वेळा छातीचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर करतात. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) फुंकर मारायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, झाली, दमा निघाला. पुढे पणजीत डॉक्टर शोधताना मी फोनवरच विचारायचे: स्किन प्रिक टेस्ट (त्वचेवर टोचून ॲलर्जी बघायची तपासणी) स्वतः करता का? रिॲक्शन आली तर ॲड्रेनलिन, म्हणजे तातडीचं इंजेक्शन, हाताशी असतं का? दोन ठिकाणी रिसेप्शनिस्टच गोंधळली, ती नावं खोडली.

टेस्टआधी आठवडाभर सेटिरिझिन बंद ठेवायला सांगितलं. नाहीतर फोड उठतच नाही. हातावर थेंब, बारीक टोचणी, पंधरा-वीस मिनिटं थांबा. धुळीतल्या माइट्सचा (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जीवांचा) फोड चांगला मोठा आला. कोळंबीचा काहीच नाही! रक्तात आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) दिसलं म्हणजे ॲलर्जी असतेच असं नाही, हे डॉक्टरांनी तेव्हा समजावलं.

आता नाकात स्प्रे, दम्याचा इन्हेलर, उशी-गादीला माइट-प्रूफ खोळी, चादरी दर आठवड्याला साठ अंशांच्या पाण्यात. इम्युनोथेरपी, म्हणजे ॲलर्जीच्याच पदार्थाचे थोडे थोडे डोस देऊन शरीराला सवय लावणं, तीन ते पाच वर्षं चालते, म्हणून अजून विचारात आहे. कोळंबीचं हुमण, म्हणजे आमचं गोव्याचं कालवण, मात्र परत सुरू झालंय.