डिझर्टेशनला कार्ल अब्राहम घेताय? आधी सालं लावा

कार्ल अब्राहम म्हणजे फ्रॉइडचा सुरुवातीचा सहकारी, जर्मन मनोविश्लेषक. त्याचं नाव काढलंत की 'त्यापेक्षा सरळ फ्रॉइड घे ना' असं कोणीतरी सुचवणारच. माझ्या गाईडनीही सुचवलं होतं. ऐकू नका. फ्रॉइडवरच्या ढिगात तुमची आणखी शंभर पानं कोण वाचणार?

चरित्र दोन पानांत उरका. जन्म ब्रेमेनचा, १८७७. झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात तिथला प्रमुख ब्लॉयलर याच्या हाताखाली, मानसशास्त्रज्ञ युंगसोबत नोकरी. १९०७ च्या अखेरीस बर्लिन, पुढच्याच वर्षी तिथलं मनोविश्लेषण मंडळ, १९२० ला सहकारी विश्लेषक आयटिंगॉनच्या पैशावर उभं राहिलेलं पॉलिक्लिनिक, म्हणजे मनोविश्लेषणाचा दवाखाना. १९२५ च्या नाताळच्या दिवशी गेला, वय अवघं ४८.

गोची होते ती नैराश्यावरच्या प्रकरणात. सगळ्या नोट्समध्ये एकच वाक्य फिरतं: 'शोक आणि विषादाची तुलना फ्रॉइडने केली, अब्राहमने ती पुढे नेली.' (विषाद म्हणजे मेलँकोलिया, आजाराच्या पातळीचं नैराश्य.) व्हायव्हात मला याच वाक्यावर धरलं. क्रम नीट बघा. अब्राहमचा पहिला निबंध १९११ चा. (छापून आला १९१२ ला, त्यामुळे दोन्ही सालं दिसतात. घाबरू नका, निबंध एकच.) त्यात तो म्हणतो, भीती येऊ घातलेल्या संकटाची असते, शोक होऊन गेलेल्याचा; चिंता आणि नैराश्य यांच्यात तोच फरक. नैराश्याच्या मुळाशी त्याला द्वेष दिसला. 'मी लोकांचा द्वेष करतो' हे रुग्णाला सोसत नाही, म्हणून ते उलटून 'लोकच माझा द्वेष करतात' असं होतं. १९१५ मध्ये फ्रॉइडने याच विषयावरच्या आपल्या निबंधाचा मसुदा त्याला धाडला, त्यावर अब्राहमने तोंडाने गिळण्याच्या, आत घेण्याच्या प्रेरणेकडे बोट दाखवलं. १९१७ ला फ्रॉइडचा तो निबंध छापून आला; ही तुलना अब्राहमनेही केली होती हे त्यात फ्रॉइडनेच नोंदवलंय. मग १९२४ ला पुन्हा अब्राहम. शेजारणीची वाटी रिकामी परत जात नाही, तसं चाललं होतं दोघांचं. एकच बाजू लिहिलीत तर परीक्षक सोडणार नाही.

१९२४ चा ग्रंथ मात्र मुळातून वाचा. मुखावस्थेचे आणि गुदावस्थेचे (बालपणातल्या मानसिक वाढीच्या पहिल्या दोन अवस्था) दोन-दोन टप्पे दाखवणारा तक्ता यूट्यूबवरही मिळतो, चॅटबॉटही देतो. पण त्यात केसांची गोष्ट नसते. गेलेल्या माणसाला आपण नकळत स्वतःच्या आत घेतो, हे फ्रॉइडचं म्हणणं अब्राहमला सुरुवातीला पटेचना. का, ते तो स्वतःच सांगतो. वडील वारले तेव्हा त्याचे केस झपाट्याने पांढरे झाले आणि काही महिन्यांत पुन्हा काळे झाले. युद्धातून थोड्या रजेवर घरी आला असताना त्याने वडिलांना शेवटचं पाहिलं होतं: अंथरुणाला खिळलेले, केस-दाढी वाढलेली, जवळजवळ पांढरी. तेच रूप त्याच्या डोक्यावर उतरलं होतं. जे स्वतःच्या आत चाललं होतं, तेच कागदावर वाचायला जड जात होतं.

जर्मन येत नाही म्हणून रडू नका, इंग्रजी भाषांतरावर भागतं. दोघांचा पत्रव्यवहार तेवढा २००२ च्या आवृत्तीतूनच घ्या. १९६५ ची आवृत्ती अब्राहमची मुलगी आणि फ्रॉइडचा मुलगा यांनी संपादित केलेली. घरच्यांची कात्री ती, बरंच गाळलंय. आणि मेलानी क्लाइन, पुढे नावाजलेली बालमनोविश्लेषक, १९२४ मध्ये अब्राहमकडे विश्लेषणाला आली, म्हणून तिच्यावर वेगळं प्रकरण लिहायचा मोह होईल. एका परिच्छेदावर थांबा. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात तेच प्रकरण अर्धवट पडलेलं असतं.