पक्षाघात टाळण्यासाठी रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची नोंद कशी ठेवावी

लकवा अचानक मारतो असे आपण म्हणतो; प्रत्यक्षात त्याची तयारी रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे चाललेली असते. वाढलेला रक्तदाब वाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करतो, त्या जागी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, शिरून थर साचतो आणि तो थर फाटला की गुठळी होऊन मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. दाबाने मेंदूतील बारीक वाहिनी फुटते, तेव्हाही पक्षाघातच होतो. यांतले काहीच आधी दुखत नाही, म्हणून मोजावे लागते.

प्रथम दंडावर बांधायचे स्वयंचलित यंत्र घ्यावे. त्याचा पट्टा दंडाच्या घेराला पुरणारा असावा, कारण लहान पट्टा दाब जास्त दाखवतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा आणि तंबाखू वर्ज्य करावी, लघवीला जाऊन यावे आणि पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसावे. यंत्रमागाची पाळी संपवून घरात शिरल्या शिरल्या मोजलेला आकडा वहीत लिहूच नये. दंड हृदयाच्या उंचीवर टेकवून सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, एका मिनिटाच्या अंतराने दोन-दोनदा मोजावे. सात दिवसांनंतर पहिला दिवस वगळून सरासरी काढावी; ती 135/85 किंवा त्याहून अधिक असल्यास वहीसह डॉक्टरांकडे जावे. दवाखान्यात हीच मर्यादा 140/90 धरतात.

त्याच भेटीत लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल आणि इतर चरबीची तपासणी, करून घ्यावी. एलडीएल साधारणपणे 100 mg/dL च्या खाली असावे. रक्तवाहिनीतील थरामुळे पक्षाघात होऊन गेला असेल, तर 70 च्या खाली ठेवतात. मात्र दाब, साखर, वय आणि तंबाखू यांच्याशिवाय हा आकडा एकटा वाचू नये.

शेंगाचटणी सोडण्याची घाई नको. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतेच. चटणीतले मीठ मात्र मोजावे, कारण लोणचे आणि पापड धरून दिवसभराचे सारे मीठ 5 ग्रॅमच्या, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्याच्या, आत राहायला हवे.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, घामाने दाब उतरून चक्कर येते आणि पुष्कळजण गोळी परस्पर बंद करतात. हा सर्वांत महागात पडणारा शहाणपणा आहे. अशा वेळी नोंदी दाखवाव्यात; मात्रा डॉक्टरच कमी करतील.

तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना किंवा बोलणे अडखळले, तर रुग्ण शेवटचा ठीक होता ती वेळ लिहून 108 क्रमांकावर फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. पाणी पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. ॲस्पिरिनही देऊ नये, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्या लिहिलेल्या वेळेपासून साडेचार तासांतच देता येते, आणि अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून निघणाऱ्यांचा प्रवासही त्यातच धरला जातो.