सॅम्पल कापायला बसणाऱ्यांसाठी

नागपुरात नव्याने बीट बनवायला लागलेली मुलं-मुली हमखास विचारतात, दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून कापलेल्या तुकड्यावर, म्हणजे सॅम्पलवर, घडवलेलं गाणं आपलं म्हणायचं का? म्हणायचं, आणि नव्या चालीच्या गाण्याइतक्याच मानाने म्हणायचं. गाजलेल्या गाण्याच्या चार ओळी उचलून खाली नुसता किक ड्रमचा ठोका लावला, तर मी त्याला तो मान देणार नाही. पण तेच ते चार कॉर्ड वाजवून केलेल्या ‘ओरिजिनल’लाही देत नाही.

खरी मेहनत ऐकण्यात आहे. तान्ह्या पोळ्याला मी इतवारीत मारबतीची, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक फोनवर रेकॉर्ड केली. ताशे, हॉर्न, आरडाओरडा. घरी हेडफोन लावून ऐकताना ‘घेऊन जा गे मारबत’ या आरोळीतला कुणीतरी लांबवलेला ‘गे’ सापडला. ताशाच्या दोन ठोक्यांमधला तेवढाच तुकडा कापला, सुरुवातीचा ‘ग’ छाटला, तीन सेमिटोन (अर्धस्वर) खाली आणला. उरलेला स्वर सनईच्या सुरासारखा लांब टिकला, आणि अख्खी चाल त्यावरच बांधली. ती चाल मिरवणुकीत नव्हती.

1988 साली आलेल्या एमपीसी-60 या सॅम्पल कापून वाजवायच्या यंत्रात मूळ मेमरी जेमतेम 13 सेकंदांच्या आवाजापुरती होती. एवढ्यात काय ठेवायचं, काय टाकायचं हे ठरवणं म्हणजेच रचना. डीजे शॅडो या अमेरिकी संगीतकाराचा 1996 चा पहिला अल्बम तर जवळपास सगळाच जुन्या रेकॉर्डमधून उभा राहिला.

आता परवानगी, कारण घोडं इथेच अडतं. हक्क दोन असतात: ध्वनिमुद्रणाचा वेगळा, चाल-शब्दांचा वेगळा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं राहतो, पण चाल-शब्दांचा रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. म्हणून रेकॉर्ड जुनी आहे एवढ्यावर ती मोकळी समजू नका. ‘तुकडा छोटाच आहे’ यावरही विसंबू नका. 1969 च्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यातला ड्रमचा काही सेकंदांचा तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला, आणि तो वाजवणाऱ्या ग्रेगरी कोलमनला त्याची रॉयल्टी मिळाली नाही. बरोबरीचा मान मागणाऱ्यांनी हे नाव पाठ करावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात स्वतःच्या रेकॉर्डिंगपासून करा. ओळखीच्या ताशेवाल्याकडून वाजवून घेतलंत, तर त्याचं नाव आणि वाटा गाणं रिलीज करण्याआधीच कागदावर लिहून दोघांनी सही करा.